व्हेनिस पायी पाहताना: वाटा, पूल आणि पाण्याची वेळ

व्हेनिसमध्ये दोन ठिकाणांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. मध्ये पूल किती आणि कुठे आहेत, हे आधी पाहावं लागतं. समोरच्या काठावरचं चर्च पन्नास मीटरवर दिसत असतं, पण मधल्या पाण्यावर पूल नसेल तर तिथे पोहोचायला पंधरा मिनिटं लागतात. शहराच्या मधोमध उलट्या ‘एस’सारखा वळत जाणारा ग्रँड कॅनॉल जवळजवळ ३.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर पूल फक्त चार: पियाझ्झाले रोमा या बसच्या चौकाजवळचा, वास्तुकार कॅलाट्राव्हाचा नवा पूल (२००८), रेल्वे स्टेशनासमोरचा स्काल्त्सी, मधला रिआल्तो आणि दक्षिणेकडचा अकादेमिया. दिवस आखताना आधी या चारांपैकी कुठून कधी पलीकडे जायचं ते ठरवा. बाकीचा रस्ता त्यावरून आपोआप ठरत जातो.

दुसरी गोष्ट गर्दीची. एका दिवसासाठी आलेली माणसं साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात शहरात असतात आणि त्यातली बहुतेक एकाच वाटेने चालतात: स्टेशन, स्त्रादा नोव्हा, रिआल्तो, सान मार्को. या वाटेपासून दोन गल्ल्या बाजूला झालात की पावलांचा आवाज ऐकू येण्याइतकी शांतता असते. म्हणून सान मार्को सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर, आणि मधले तास दोर्सोदुरो, कास्तेल्लो, कान्नारेज्जो या भागांत, असा क्रम ठेवा. त्यासाठी एक रात्र तरी खुद्द बेटावर काढा. मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेमध्ये हॉटेल स्वस्त असतं आणि तिथून ट्रेन दहा-बारा मिनिटांत पोहोचते, पण पहाटेचं आणि रात्रीचं व्हेनिस त्यात हातचं जातं.

पत्ता कसा वाचायचा

शहराचे सहा भाग आहेत: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्जो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून अख्ख्या भागाला मिळून एकच, पुण्यातल्या जुन्या ‘अमुक सदाशिव पेठ’सारखे. ते हजारांत जातात आणि शेजारच्या गल्लीत भलताच आकडा सुरू होतो. ‘कास्तेल्लो ५२००’ एवढ्यावर हॉटेल सापडणार नाही. बुकिंग करतानाच गल्लीचं नाव आणि जवळचा चौक किंवा बोटीचा थांबा लिहून घ्या.

भिंतींवर पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांनी नावं रंगवलेली असतात. त्यातले पाच-सहा शब्द ओळखता आले की रस्ता निम्मा सोपा होतो. ‘काल्ले’ म्हणजे गल्ली, ‘कांपो’ म्हणजे चौक, ‘रिओ’ म्हणजे लहान कालवा. ‘फोंदामेंता’ म्हणजे कालव्याच्या काठाने जाणारा रस्ता, आणि चालायला हाच सगळ्यांत सुखाचा. ‘सोतोपोर्तेगो’ म्हणजे इमारतीच्या पोटातून जाणारा बोळ: तो खाजगी वाटतो, पण बहुधा सार्वजनिक असतो, बिनधास्त आत जा. ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवलेला कालवा, त्यामुळे तो इतरांपेक्षा रुंद. ‘कोर्ते’ मात्र आतलं अंगण, तिथून बहुतेक वेळा परत फिरावं लागतं.

कोपऱ्यांवर वरच्या बाजूला रिआल्तो, सान मार्को, अकादेमिया, फेरोव्हिया (रेल्वे स्टेशन) अशा बाणाच्या पिवळ्या पाट्या दिसतात. एकाच ठिकाणाकडे दोन्ही दिशांना बाण असेल तर गोंधळू नका, दोन्ही वाटा खरोखर तिकडेच जातात. फोनमधला नकाशा अरुंद गल्लीत वीस-तीस मीटर चुकतो, कारण उंच भिंतींमुळे उपग्रहाचा सिग्नल नीट मिळत नाही. निळा ठिपका पाहत चालणारा माणूस हमखास पाण्याशी जाऊन थांबतो. त्यापेक्षा नकाशा आधी डाउनलोड करा, पुढच्या चौकाचं नाव लक्षात ठेवा आणि चौकाचौकाने जा. ठिपका उघड्या चौकात आल्यावर ताळ्यावर येतो, तेव्हा तिथे तपासा.

निघण्याआधी

बूट हा इथला सगळ्यांत महत्त्वाचा खर्च. फरसबंदी करड्या ट्रॅकाइट दगडाची आहे, तो खरखरीत असतो आणि पाय धरतो. पुलांच्या पायऱ्यांच्या कडा मात्र पांढऱ्या इस्त्रियन दगडाच्या असतात. पावसात आणि धुक्यात त्या तेल लावल्यासारख्या निसरड्या होतात. खोल खाचांचे रबरी तळवे हवेत. कालव्यात उतरणाऱ्या हिरवट पायऱ्यांवर फोटोसाठीसुद्धा पाय ठेवू नका: तिथलं शेवाळ भरतीच्या वेळी ओलं होतं आणि माणूस थेट पाण्यात जातो.

चाकांची मोठी बॅग घेऊन फिरण्याचा विचार सोडा. प्रत्येक पुलाला चढत्या-उतरत्या पायऱ्या आहेत, आणि स्टेशनापासून सान मार्कोपर्यंत असे बरेच पूल लागतात. स्टेशनात आणि पियाझ्झाले रोमाला सामान ठेवण्याची सोय आहे, तिथे ठेवा. हॉटेल निवडताना ‘थांब्यापासून मध्ये किती पूल’ हा प्रश्न मालकाला सरळ विचारा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हा प्रश्न खोलीच्या दरापेक्षा महत्त्वाचा.

एका दिवसासाठी येणाऱ्यांना ठरावीक तारखांना प्रवेश शुल्क लागतं. ही पद्धत २५ एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. शुल्काची वेळ सकाळी ८.३० ते दुपारी ४, आणि तारखा मुख्यतः वसंत व उन्हाळ्यातल्या. रक्कम ५ युरो, ऐनवेळी भरली तर १०. व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे मेस्त्रेमध्येसुद्धा, मुक्काम असेल तर शुल्क माफ असतं, पण त्या दिवसांसाठी सूट मिळाल्याचा क्यूआर कोड महापालिकेच्या संकेतस्थळावरून आधी काढावा लागतो. इथेच बरेच जण फसतात. पादुआ किंवा त्रेव्हिझोला मुक्काम करणाऱ्या पर्यटकांना मात्र शुल्क भरावंच लागतं.

सान मार्को बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पाठीवरची मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी दोननंतरच प्रवेश. ड्यूकच्या राजवाड्याचं तिकीट तीस दिवस आधी घेतलं तर स्वस्त पडतं, आणि त्याच तिकिटावर चौकातलं कोर्रेर संग्रहालयही पाहता येतं.

पहिला दिवस: स्टेशन ते सान मार्को, आणि परत दोर्सोदुरोतून

एकूण चाल सुमारे सात किलोमीटर, पण पुलांमुळे ती दहासारखी अंगावर येते. सकाळी पावणेसात-सातला सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडा. सगळे डावीकडे लिस्ता दि स्पान्याच्या दुकानांतून जातात. तुम्ही लगेच लागणारा स्काल्त्सी पूल ओलांडून पलीकडे जा. तिथून चौकांचा क्रम असा: सान जाकोमो दाल ओरिओ, सांता मारिया मातेर दोमिनी, सान कासियानो. पहिल्या चौकात झाडं आणि बाक आहेत, थोडं टेका. दुसऱ्यात मधली दगडी विहीर पाहा. बेटावर गोड्या पाण्याचे झरे नव्हते. चौकाखाली मातीने बंद केलेलं वाळूचं मोठं टाकं असायचं. पावसाचं पाणी फरशीतल्या भोकांतून आत जायचं, वाळूतून गाळून मधल्या विहिरीत यायचं. म्हणूनच चौकाची फरशी त्या भोकांकडे किंचित उतरती असते.

सान कासियानोपासून एका पुलापलीकडे रिआल्तोचा मासळीबाजार. पावणेआठ-आठला पोहोचलात तर मांडामांड चालू असते. रविवारी आणि सोमवारी मासळी नसते, म्हणून हा रस्ता मंगळवार ते शनिवारात ठेवा. इथल्या जुन्या दगडी फलकावर कोणता मासा किमान किती लांबीचा असला तरच विकता येईल ते कोरलेलं आहे. लहान मासळी वाचवण्याचा कायदा बाजारातच दगडात लिहिलेला, हे थांबून पाहण्यासारखं आहे. याच रिआल्तोवर शतकानुशतकं मलबारची मिरी विकली गेली, आणि वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचल्यावर पहिली चिंता इथल्याच व्यापाऱ्यांना लागली.

रिआल्तो पूल १५८८ ते १५९१ मध्ये आंतोनिओ दा पोंते यांनी बांधला. त्यावर तीन समांतर वाटा आहेत. मधल्या वाटेला दोन्हीकडे दुकानं, तिथून पाणी दिसत नाही. बाजूच्या दोन्हींपैकी एक घ्या. आठच्या सुमाराला कठड्याशी जागा मिळते, अकराला मिळत नाही.

पूल उतरून सान बार्तोलोमेओ चौक (नाटककार गोल्दोनींचा पुतळा), मग सान साल्व्हादोर, आणि पुढे मेर्चेरिए ही दुकानांची वाकडी वाट थेट घड्याळाच्या मनोऱ्याखालून सान मार्को चौकात नेते. मनोऱ्याच्या जरा अलीकडे सोतोपोर्तेगो देल कापेल्लोच्या वर खिडकीतून वाकलेल्या म्हातारीचं शिल्प आहे. १३१० मध्ये सरकार उलथवायला निघालेल्या बायामोंते त्येपोलोच्या निशाणवाल्यावर तिचा खल वरून पडला आणि बंड फसलं, अशी त्यामागची कथा. हजारो लोक दर तासाला तिच्याखालून जातात, वर पाहणारे थोडे.

साडेआठला चौक जवळजवळ रिकामा असतो. आधी बाहेरून एक फेरी मारा. बॅसिलिकावरचे चार घोडे प्रतिकृती आहेत, खरे आतल्या संग्रहालयात. घंटामनोरा जुना दिसतो, पण मूळचा १४ जुलै १९०२ ला कोसळला आणि हुबेहूब तसाच बांधलेला नवा १९१२ मध्ये उघडला. नऊला राजवाड्यात शिरलात तर साडेदहापर्यंत तो नीट पाहून होतो, त्यानंतरची वेळ बॅसिलिकासाठी आरक्षित करा. मनोऱ्यावर जाण्यासाठी लिफ्ट आहे, पण रांग लांब असते. समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटाच्या मनोऱ्यावरून दृश्य अधिक चांगलं, कारण त्यात सान मार्को स्वतः दिसतो. तिथे मात्र बोटीने जावं लागतं.

चौकाच्या पश्चिम टोकाने बाहेर पडा: सान मोइझे, लार्गा व्हेंतिदूए मार्त्सो हा रुंद रस्ता, मग सांता मारिया देल जील्यो. या चर्चच्या दर्शनी भिंतीवर संतांऐवजी ते बांधणाऱ्या बार्बारो घराण्याचे पुतळे आणि खाली रोम, पादुआ, कँडिया अशा सहा शहरांचे संगमरवरात कोरलेले नकाशे आहेत. पुढे सान मौरित्सियो, मोठा सांतो स्तेफानो चौक, आणि अकादेमियाचा लाकडी पूल. पुलाच्या मध्यावरून सालूते चर्चकडे पाहा, व्हेनिसचं सगळ्यांत ओळखीचं दृश्य हेच. दुपारी ऊन पाठीशी असतं, म्हणून फोटोला ही वेळ चांगली.

पूल उतरून डावीकडे सालूतेपर्यंत जा. १६३० च्या प्लेगमधून शहर वाचल्याचा नवस म्हणून हे चर्च बांधायला घेतलं, आराखडा बाल्दास्सारे लोंगेना यांचा. ते पाण्याखालच्या चिखलात ठोकलेल्या लाखो लाकडी खांबांवर उभं आहे. चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून लाकूड सडत नाही. त्यावर इस्त्रियन दगडाचा थर, कारण तो पाणी शोषत नाही, आणि मग विटांच्या भिंती. कालव्याकाठच्या कुठल्याही घराच्या पायाशी हा पांढरा दगड दिसतो. जिथे पाणी त्याच्या वर चढलं आहे तिथल्या विटा खाऱ्या ओलीने भुसभुशीत झालेल्या दिसतात. शहराचं दुखणं वाचायची ही खूण एकदा कळली की ती ठिकठिकाणी दिसू लागते.

टोकाला पुंता देल्ला दोगानाला वळसा घालून झात्तेरेच्या रुंद धक्क्यावर या. डावीकडे पाणी, वाट सपाट आणि उन्हाची. सान त्रोव्हासो कालव्याशी वळलात की पलीकडच्या काठावर गोंडोला बांधण्याचा जुना कारखाना दिसतो. आत जाण्याची गरज नाही, अलीकडच्या फोंदामेंतावरूनच पालथ्या घातलेल्या होड्या छान दिसतात. गोंडोला सुमारे ११ मीटर लांब, आणि दोन बाजू सारख्या नसतात: डावी बाजू मुद्दाम रुंद ठेवतात, कारण नावाडी एकच वल्हं उजवीकडून मारतो. सरळ होडी असती तर गोल फिरत राहिली असती.

मग सान बार्नाबा, आणि तिथला ‘मुठींचा पूल’. त्याच्या माथ्यावर चार कोपऱ्यांत पांढऱ्या दगडाची पावलं आहेत. शहरातले दोन गट पूर्वी या पुलावर मारामारी करत आणि हरलेले पाण्यात पडत, तेव्हा कठडे नव्हते. १७०५ मध्ये हे बंद झालं. पुढे सांता मार्गेरिता चौक, आणि शेवटी फ्रारी हे चर्च. टिशियनचं १५१८ मधलं मोठं ‘असुंता’ चित्र इथे ज्या वेदीसाठी रंगवलं त्याच वेदीवर आहे. लांबूनच चालत जा, कारण ते लांबून पाहण्यासाठी मांडलेलं आहे. शेजारच्या सान रोक्कोमध्ये तिंतोरेत्तोची चित्रं छतावर आहेत, तिथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात. मान दुखवून घेण्यापेक्षा ते वापरा. फ्रारीपासून स्टेशन दहा-बारा मिनिटं.

दुसरा दिवस: उत्तरेचा काठ

लिस्ता दि स्पान्याने ग्युल्ये पूल ओलांडा आणि लगेच डावीकडे वळा. काही पावलांवर एक बुटका बोळ घेत्तोत नेतो. १५१६ मध्ये व्हेनिसने ज्यू लोकांना याच बेटावर राहायची सक्ती केली. जागा वाढवता येईना, म्हणून घरं उंच होत गेली. शेजारच्या भागाशी तुलना करून मजले मोजा. मजल्यांची उंची किती कमी आहे, तेही लक्षात येईल.

तिथून ओर्मेझिनी आणि मिझेरिकोर्दिया या लांब सरळ काठांनी पूर्वेकडे जा. दुपारचं जेवण इथेच उरका. मादोन्ना देल ओर्तोमध्ये तिंतोरेत्तोची समाधी, जवळच कांपो देई मोरीमध्ये फेटेवाल्या व्यापाऱ्यांचे दगडी पुतळे, त्यातल्या एकाला लोखंडी नाक. कियोदो पुलाला अजून कठडे नाहीत, लहान मुलांचा हात धरा. मग फोंदामेंते नोव्हेवरून सान झानिपोलो चर्च, सांता मारिया फोर्मोझा, आणि पुढे अर्सेनाले, म्हणजे जुनी जहाजबांधणीची गोदी. त्याच्या दारातल्या मोठ्या सिंहाच्या खांद्यांवर नॉर्डिक लिपीतली अक्षरं आहेत. तो ग्रीसमधल्या पिरेउसहून लुटून आणलेला.

सहलीबरोबर आलेल्या आणि फक्त तीन तास हाती असलेल्या मराठी मंडळींसाठी याच भागाचा छोटा फेरा: बोट सान मार्कोजवळच्या धक्क्यावर सोडते. लगेच चौकात न जाता सान झाक्कारिया (बेल्लिनीचं १५०५ चं चित्र), सांता मारिया फोर्मोझा, सान झानिपोलो, संगमरवरी मिराकोली चर्च, रिआल्तो, आणि मेर्चेरिएने परत चौकात. साधारण दीड तास. उरलेला वेळ चौकाला द्या आणि बोटीच्या वेळेआधी पंधरा मिनिटं धक्क्यावर पोहोचा.

पाणी चढलं तर

ऑक्टोबर ते डिसेंबर हे भरतीचे मुख्य महिने. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला पाणी १९४ सेंटिमीटरवर गेलं होतं, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ वर. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी असलेले, भरतीचं पाणी अडवणारे मोझे दरवाजे वापरात आहेत, अंदाज ११० सेंटिमीटरच्या पुढे असला की ते उचलतात. पण सान मार्को चौक सगळ्यांत सखल: तिथे ८०-८५ सेंटिमीटरलाच पाणी गटारांतून वर येतं. म्हणजे दरवाजे असूनही चौकात पाणी साचू शकतं. आदल्या रात्री महापालिकेचा भरतीचा अंदाज पाहा. पाणी दिवसभर राहत नाही, दोन-चार तासांत ओसरतं. तेवढा वेळ उंच भागात, उदाहरणार्थ फ्रारीच्या बाजूला, काढा. फळ्यांचा तात्पुरता रस्ता टाकला असेल तर त्यावरून उजवीकडून, न थांबता चाला. साचलेल्या पाण्यातून चालायचंच झालं तर भिंतीकडून जा, कारण काठ कुठे संपतो आणि कालवा कुठे सुरू होतो ते दिसत नाही.

खाणं, पाणी, दंड

चौकाचौकांतल्या लोखंडी नळांचं पाणी पिण्यायोग्य असतं, बाटली भरून घ्या. कॉफी काउंटरवर उभ्याने घेतली तर स्वस्त, बसलात की दर वाढतो, आणि सान मार्कोतल्या कॅफेंत वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचा वेगळा आकार बिलात येतो. शाकाहारींनी तीन पदार्थांबाबत सावध राहावं. ‘बिगोली इन साल्सा’ साधा कांद्याचा पास्ता दिसतो, पण त्यात खारवलेली मासळी असते. ‘पास्ता ए फाजोली’ या राजम्याच्या सूपमध्ये अनेकदा डुकराचं मांस किंवा चरबी असते, आणि ‘रिझी ए बिझी’ या मटारभातातही. ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’ (मांस नको, मासे नको) असं स्पष्ट सांगा. बाकारोत, म्हणजे उभ्याने खाण्याच्या छोट्या मद्यालयांत, आर्टिचोकचे तळ, अंडं, चीज, वांगं असे तुकडे मिळतात. तिथे बोट दाखवून एकेक घेता येतं.

पुलाच्या आणि चौकाच्या पायऱ्यांवर बसून खाणं, कबुतरांना दाणे टाकणं, कालव्यात पाय बुडवणं याला दंड आहे. सायकल हातात धरून नेण्यालाही मनाई. गल्लीत उजवीकडून, एकामागे एक चाला आणि फोटोसाठी पुलाच्या मध्यावर वाट अडवू नका. तिथून कामाला निघालेली, बाजाराच्या पिशव्या घेतलेली, बाळगाडी उचलून पायऱ्या चढणारी माणसं जात असतात. शहर त्यांचं आहे.

गोंडोलाचा दिवसाचा सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. तो माणशी नसून संपूर्ण होडीचा, पाच जणांपर्यंत. बसण्याआधी वेळ आणि रक्कम बोलून घ्या. फक्त ग्रँड कॅनॉल ओलांडायचा असेल तर त्राघेत्तो ही साधी होडी दोन युरोत पलीकडे सोडते, मासळीबाजारापासून सांता सोफियापर्यंतची सकाळी हमखास मिळते.

पाय थकल्यावर परतीला १ नंबरची बोट घ्या. ७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरो, चढण्याआधी धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. अंधार पडल्यावर सान मार्कोहून निघालात तर राजवाड्यांची उजळलेली दालनं पाण्याच्या बाजूने दिसतात. या बाजूनेच दाखवण्यासाठी ते बांधलेले आहेत. प्रवास पाऊण तासाचा. रेल्वे गाठायची असेल तर फेरोव्हियाला उतरा, पुढचा थांबा पियाझ्झाले रोमा बससाठी आहे.